अर्जात नसलेला प्रश्न

अमेरिकेत डॉक्टरकीचा परवाना देश देत नाही, राज्य देतं. न्यूयॉर्कमध्ये वीस वर्षं शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला फ्लोरिडात जाऊन साधी गोळी लिहून द्यायची म्हटली तरी तिथल्या मेडिकल बोर्डाकडे नव्यानं अर्ज करावा लागतो. अर्ज लांबलचक असतो. शिक्षण कुठे झालं, परीक्षा कधी दिल्या, रेसिडेन्सी कुठे केली हे सगळं भरून झालं की 'होय' आणि 'नाही' असे चौकोन असलेला भाग येतो. गुन्हा शाबीत झाला आहे का? परवाना कधी निलंबित झाला आहे का? निष्काळजीपणाचा दावा लागला आहे का? आणि कित्येक राज्यांच्या अर्जांत याच रांगेत आणखी एक प्रश्न वर्षानुवर्षं ठाण मांडून होता: मानसिक आजारासाठी आपण कधी उपचार घेतले आहेत का?

'होय'वर खूण केली की खुलाशाचा वेगळा कागद जोडा, उपचार करणाऱ्याचं पत्र आणा, बोर्डानं बोलावलं तर हजर व्हा. आई गेल्यावर कॉलेजात असताना चार-सहा महिने समुपदेशकाकडे गेलेली डॉक्टरसुद्धा या 'होय'मध्येच मोडते, मग त्याला पंधरा वर्षं का उलटलेली असेनात. आज तुमचा निर्णय चुकतो का, आजच्या कामात अडथळा येतो का, असं त्या प्रश्नात नव्हतंच. 'कधीतरी' एवढंच होतं. गुन्हा, निलंबन आणि नैराश्य एका रांगेत बसवले की वाचणाऱ्यानं त्यातून काय घ्यायचं ते तो घेतोच.

डॉक्टरांनी ते घेतलं. २०१७ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ५,८२९ डॉक्टरांच्या त्या पाहणीत जवळपास ४० टक्के जणांनी सांगितलं, की मानसिक त्रास झालाच तर आपण उपचार घ्यायला कचरू, कारण परवान्याचं काय होईल याची धास्ती वाटते. ज्या राज्यांचे अर्ज जास्त खोदून विचारत, तिथे कचरणाऱ्यांचं प्रमाणही जास्त निघालं. याच अभ्यासात राज्याराज्यांचे अर्ज तपासले तेव्हा फक्त सध्याच्या अडचणीपुरतं विचारणारी किंवा काहीच न विचारणारी राज्यं जेमतेम एक तृतीयांश भरली. अपंगत्वावरून भेदभाव करू नये असा कायदा त्या देशात १९९० पासून आहे, आणि अशा प्रश्नांविरुद्ध नव्वदच्या दशकापासून लोक न्यायालयात जात आहेत. तरीही प्रश्न हटत नव्हता. बोर्डांचं म्हणणं एकच: रुग्णांचं रक्षण हे आमचं काम आहे. कारण चुकीचं नव्हतं. पण उपचार घेणारा डॉक्टर रुग्णाला धोक्याचा, आणि दुखणं लपवून काम करणारा मात्र बिनधोक, असा याचा अर्थ होत होता, आणि तो कुणाला खटकत नव्हता.

डॉ. लॉर्ना ब्रीन यांच्या नावाचा कायदा झाला तो या पार्श्वभूमीवर.

मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला न्यूयॉर्क-प्रेस्बिटेरियन या मोठ्या रुग्णालयसमूहाचं ॲलन हॉस्पिटल आहे. सुमारे २०० खाटांचं, समूहातल्या इतर रुग्णालयांच्या मानानं लहान. डॉ. ब्रीन तिथल्या आपत्कालीन विभागाच्या प्रमुख होत्या. वय ४९. वडील निवृत्त सर्जन. मार्च २०२० मध्ये कोविडची पहिली लाट न्यूयॉर्कवर कोसळली तेव्हा ॲलनचा हा विभाग क्षमतेच्या कितीतरी पुढे गेला. खाटा कमी, प्राणवायू पुरवताना ओढाताण, मास्क आणि गाऊन जपून वापरायचे. रुग्णवाहिकेतून आलेली माणसं खाट मिळायच्या आत दगावत होती. महिन्याच्या मध्यावर त्यांना स्वतःलाच कोविड झाला. ताप उतरल्यावर एप्रिलच्या सुरुवातीला त्या पुन्हा कामावर हजर झाल्या, आणि बारा तासांची पाळी संपली तरी विभागातून पाय निघेना अशी त्यांची गत झाली. आठ-दहा दिवसांत त्यांचा बहिणीला फोन आला. खुर्चीतून उठता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांना व्हर्जिनियाला आणलं, रुग्णालयात दाखल केलं. काही दिवसांनी त्या रुग्णालयातून बाहेर आल्या आणि २६ एप्रिल २०२० रोजी त्यांनी आयुष्य संपवलं.

आत्महत्येमागे एकच कारण असतं असं मानसोपचारतज्ज्ञ कधी म्हणत नाहीत, आपणही म्हणू नये. कोविडचा मेंदूवर झालेला परिणाम असेल, न झोपलेल्या रात्री असतील, डोळ्यांदेखत गेलेली माणसं असतील. मानसिक आजाराचा पूर्वेतिहास मात्र त्यांना नव्हता, असं घरच्यांनी सांगितलं. आणि आणखी एक गोष्ट बहिणीनं पुढे जाहीरपणे पुनःपुन्हा सांगितली. रुग्णालयात असताना डॉ. ब्रीन यांना सारखी एकच काळजी लागून होती: मी मानसोपचार घेतले हे कळलं तर माझा परवाना जाईल, माझं सगळं करिअर संपलं.

न्यूयॉर्क राज्याच्या अर्जात तो प्रश्न नव्हता.

वकील बहीण जेनिफर ब्रीन फाइस्ट आणि डॉक्टरांच्या संस्थेचा कारभार पाहणारे मेहुणे कोरी फाइस्ट यांना ही गोष्ट नंतर कळली. ज्या चौकोनाच्या धास्तीनं लॉर्ना गलितगात्र झाल्या होत्या तो त्यांच्या राज्याच्या कागदावर छापलेलाच नव्हता. मला या सगळ्या प्रकरणात हा तपशील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण नियम बदलला म्हणजे प्रश्न सुटला असं समजणाऱ्यांना तो आडवा येतो. धास्ती छापील कागदावरून पसरत नाही. सिनियरच्या तोंडून, कॅन्टीनमध्ये, दुसऱ्या राज्यातल्या मित्राच्या अनुभवातून पसरते. एका राज्यानं प्रश्न काढला तरी शेजारच्या राज्यात तो आहे, रुग्णालयाच्या नेमणुकीच्या अर्जात आहे, विमा कंपनीच्या पॅनेलवर जाण्याच्या अर्जात आहे. डॉक्टर आयुष्यभर असे डझनभर अर्ज भरतो. कुठल्या कागदावर काय आहे हे कोण लक्षात ठेवतं?

फाइस्ट दांपत्यानं जून २०२० मध्ये लॉर्ना यांच्या नावानं एक प्रतिष्ठान काढलं. व्हर्जिनियाचे सिनेटर टिम केन त्यांच्या मदतीला आले, आणि जुलैमध्ये विधेयक मांडलं गेलं. अमेरिकेच्या संसदेत तेव्हा दोन पक्षांचं कशावरच पटत नव्हतं, पण या विधेयकावर डेमोक्रॅटिक केन आणि जॅक रीड यांच्या जोडीला रिपब्लिकन टॉड यंग आणि बिल कॅसिडी होते. कॅसिडी स्वतः डॉक्टर. प्रतिनिधीगृहात पेनसिल्व्हेनियाच्या सूझन वाइल्ड यांनी ते लावून धरलं. तरी संसद ती संसदच. सही व्हायला मार्च २०२२ उजाडला. १८ मार्चला राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी सही केली आणि 'डॉ. लॉर्ना ब्रीन हेल्थ केअर प्रोव्हायडर प्रोटेक्शन ॲक्ट' अमलात आला.

या कायद्यात काय आहे हे पाहताना थोडं सावध राहावं लागतं, कारण नाव ऐकून जे वाटतं ते त्यात नाही. 'प्रोटेक्शन' म्हटल्यावर वाटेल, की डॉक्टरला उपचार घेण्याचा हक्क मिळाला असेल, परवान्याच्या अर्जातल्या त्या प्रश्नावर बंदी आली असेल, सलग किती तास काम करायचं यावर मर्यादा पडली असेल. यातलं एकही नाही. कायदा अनुदानाचा आहे. वैद्यकीय आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना, निवासी डॉक्टरांना, काम करणाऱ्यांना ताण, व्यसन, आत्महत्येचे विचार यांना तोंड कसं द्यायचं याचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना पैसे. सहकाऱ्यांनीच सहकाऱ्याला आधार देण्याचे कार्यक्रम आणि प्रत्यक्ष उपचार यांसाठी रुग्णालयांना पैसे. आरोग्य कर्मचाऱ्यांनी मदत मागावी म्हणून देशभर मोहीम. आणि या मंडळींच्या मानसिक आरोग्याचा, थकव्याचा आणि कोविडनं त्यात घातलेल्या भरीचा अभ्यास. बस्स.

पैशाची गोष्टही मजेशीर आहे. अमेरिकी संसदेत एखाद्या कामाला इतकी रक्कम खर्चायला हरकत नाही असं म्हणणं वेगळं आणि ती रक्कम प्रत्यक्ष अंदाजपत्रकातून मोजून देणं वेगळं. लॉर्ना ब्रीन कायद्यानं पहिलं केलं. दुसरं त्याआधीच झालं होतं. मार्च २०२१ च्या कोविड मदत कायद्यात या विधेयकातल्या कार्यक्रमांसाठी रक्कम घालून ठेवली होती, आणि जानेवारी २०२२ मध्ये, म्हणजे सहीच्या दोन महिने आधी, आरोग्य खात्यानं ४५ संस्थांना १० कोटी ३० लाख डॉलर वाटलेही. त्यातले ६० लाख जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाला मिळाले, बाकी सर्व संस्थांना तांत्रिक साहाय्य करण्यासाठी. लग्नाआधी वरात निघाली. कागदोपत्री कायदा नंतर आला.

आता १० कोटी डॉलर ऐकायला भलेथोरले वाटतात. पण त्या देशात दहा लाखांच्या आसपास डॉक्टर आहेत, नर्सेस त्याच्या कितीतरी पट. वाटणी करून बघितली तर एका माणसाच्या वाट्याला एका वेळच्या जेवणाचेही पैसे नीट येत नाहीत. शिवाय अनुदानातून जे उभं राहतं ते बहुतेक प्रशिक्षण असतं: कार्यशाळा, ऑनलाइन धडे, सत्रं. छत्तीस तास जागलेल्या निवासी डॉक्टरला 'ताणाचं व्यवस्थापन' या विषयावर दुपारी दोन वाजता सक्तीचं व्याख्यान ऐकवणं हा विनोद आपल्याकडेही ऐकलेला आहे.

या टीकेला अमेरिकेत नाव मिळालं ते कायद्याच्या आधीच. मानसोपचारतज्ज्ञ वेंडी डीन आणि सर्जन सायमन टॅलबट यांनी २०१८ मध्ये एका लेखात म्हटलं, की डॉक्टर थकलेत हे निदानच चुकीचं आहे. रुग्णाला काय हवं ते डॉक्टरला कळतं, पण विमा कंपनी, रुग्णालयाचा हिशेब, संगणकावरची नोंदणी यांच्या कात्रीत तो ते देऊ शकत नाही, आणि ही जखम त्याच्या सद्सद्विवेकाला होते. थकवा म्हटलं की दोष माणसाच्या सहनशक्तीचा. जखम म्हटलं की ती करणाऱ्याकडे बघावं लागतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक अकादमीनं २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अहवालानंही हेच वेगळ्या शब्दांत मांडलं. डॉक्टर आणि नर्सेसमध्ये ३५ ते ५४ टक्के जणांना या थकव्याची ठळक लक्षणं आहेत, आणि दुरुस्ती माणसांची नव्हे, व्यवस्थेची करायला हवी. मे २०२२ मध्ये तेव्हाचे सर्जन जनरल, कर्नाटकातून गेलेल्या कुटुंबातले विवेक मूर्ती, यांनीही याच मुद्द्यावर देशाला सूचनापत्र काढलं.

मग हा कायदा फुकट गेला का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण कायद्याच्या मजकुरात नाही, त्याच्या आजूबाजूला आहे. कायद्यातल्या मोहिमेचं काम रोगनियंत्रण केंद्राच्या नायॉश या व्यावसायिक आरोग्याच्या संस्थेकडे गेलं. नायॉशनं ऑक्टोबर २०२३ मध्ये 'इम्पॅक्ट वेलबीइंग' नावानं मोहीम सुरू केली आणि मार्च २०२४ मध्ये फाइस्ट यांच्या प्रतिष्ठानासह रुग्णालयांच्या प्रशासकांसाठी एक मार्गदर्शिका काढली. डॉक्टरांनी काय करावं हे त्यात सांगितलेलं नाही, रुग्णालयानं काय करावं हे सांगितलं आहे. त्यातली एक पायरी अशी: आपले नेमणुकीचे अर्ज बाहेर काढा आणि मानसिक आजाराबद्दलचे खोदून विचारणारे प्रश्न त्यातून काढून टाका.

म्हणजे जे कायद्याला सांगता आलं नाही ते मार्गदर्शिकेनं सांगितलं. सांगता का आलं नाही? कारण परवाना राज्याचा विषय. केंद्रीय कायदा राज्याच्या बोर्डाला 'हा प्रश्न काढ' असा सरळ हुकूम सोडत नाही. राज्यांच्या बोर्डांच्या महासंघानं २०१८ मध्येच शिफारस केली होती: विचारायचंच असेल तर एवढंच विचारा, की योग्य उपचार न घेतलेली अशी एखादी तक्रार सध्या आहे का जिच्यामुळे कामावर परिणाम होतो. फरक बघण्यासारखा आहे. पूर्वी उपचार घेतलेला माणूस 'होय' होता. आता उपचार न घेतलेला 'होय' होतो. पण शिफारस ही शिफारस, पुढची दोन-तीन वर्षं ती बहुतेक ठिकाणी फायलीत पडून राहिली. लॉर्ना ब्रीन हे नाव आल्यावर बोर्डांची धावपळ सुरू झाली. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशननं मे २०२० मध्येच जाहीर केलं, की मानसिक आजाराचा इतिहास विचारा असं आम्ही कधीच सांगितलं नव्हतं. रुग्णालयं तोवर खुशाल आमच्यावर मानांकनाची सक्ती आहे म्हणत होती. प्रतिष्ठानानं राज्यागणिक, रुग्णालयागणिक अर्ज तपासायला घेतले, बदल केलेल्यांची नावं जाहीर करायला सुरुवात केली. कारभारी मंडळींना यादीत नसण्याची लाज वाटते, हे त्यांनी बरोबर ओळखलं.

राज्यांनी आपापले कायदेही केले. व्हर्जिनियानं २०२० मध्ये, म्हणजे डॉ. ब्रीन यांच्या मृत्यूच्या सुमारासच, आधार घेणाऱ्या डॉक्टरची माहिती गोपनीय ठेवण्याचा कायदा केला होता. राज्याच्या वैद्यकीय संघटनेनं त्यावर 'सेफहेवन' नावाची योजना उभी केली. थकलेला डॉक्टर समुपदेशकाशी जे बोलला ते न्यायालयात किंवा बोर्डापुढे त्याच्याविरुद्ध सहजासहजी वापरता येत नाही. साउथ डकोटा, ॲरिझोना, इंडियाना अशा काही राज्यांनी तो कित्ता गिरवला. मला विचाराल तर दहा कोटींच्या अनुदानापेक्षा या चार ओळींचं मोल जास्त आहे. पैसा संपतो.

आणि तो संपलाच. केंद्रीय कायद्याची मुदत सप्टेंबर २०२४ अखेर संपली. नूतनीकरणाला मोठा विरोध नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये ते एका अवाढव्य खर्चविधेयकाच्या पोटात घातलं होतं. ते विधेयक वेगळ्याच भांडणात ऐनवेळी छाटलं गेलं आणि त्यासोबत हेही गळालं. २०२५ मध्ये ते पुन्हा मांडावं लागलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारी नोकरकपातीची कुऱ्हाड चालली, त्यात नायॉशच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांना नोटिसा मिळाल्या. म्हणजे आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याची मोहीम चालवणाऱ्यांच्याच नोकऱ्यांवर गदा.

लॉर्ना ब्रीन कायद्यात जी नाही ती कामाच्या तासांवरची मर्यादा अमेरिकेत त्याआधीच आली होती, पण ती डॉक्टरांच्या कळवळ्यापोटी नव्हे. मार्च १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी दाखल केल्यावर काही तासांत दगावली. त्या रात्री तिच्याकडे बघणाऱ्या इंटर्नवर चाळीसेक रुग्णांची जबाबदारी होती. वडील सिडनी झायन पत्रकार आणि माजी सरकारी वकील, त्यांनी रान उठवलं. १९८९ मध्ये न्यूयॉर्कनं नियम केला: आठवड्याला ८० तासांपेक्षा जास्त नाही, सलग २४ तासांपेक्षा जास्त नाही. २००३ मध्ये ८० तासांची मर्यादा देशभरातल्या रेसिडेन्सीला लागू झाली. ८० तास म्हणजे काही चैन नव्हे, आणि ती मर्यादाही कागदावर पाळून प्रत्यक्षात मोडण्याच्या युक्त्या लवकरच निघाल्या. पण आकडा होता. आकडा असला की तक्रार करता येते, तपासणी करता येते, मानांकन काढून घेता येतं. दमलेला डॉक्टर रुग्णाला मारू शकतो हे समाजाला पटलं म्हणून तो आकडा आला. दमलेला डॉक्टर स्वतः मरू शकतो, एवढ्यावर तो आला नसता असं मला वाटतं.

ब्रिटनची वाट वेगळी. ऑक्टोबर २००० मध्ये लंडनमधल्या डॉ. दक्षा एम्सन या भारतीय वंशाच्या तरुण मानसोपचारतज्ज्ञाचा आणि तिच्या तीन महिन्यांच्या मुलीचा मृत्यू झाला. तिला द्विध्रुवीय मनोविकार होता. ती स्वतः त्याच आजाराच्या रुग्णांवर उपचार करत होती, आणि आपला आजार सहकाऱ्यांपासून लपवत होती. २००३ च्या चौकशी अहवालात आरोग्यसेवेतल्या कलंकाच्या भावनेवर बोट ठेवलं गेलं. डॉक्टरानं डॉक्टरकडे जायचं तर तो ओळखीचा निघणार, केसपेपर सहकाऱ्यांच्या हाती पडणार. त्यातून २००८ मध्ये डॉ. क्लेअर जेराडा यांच्या पुढाकारानं लंडनच्या डॉक्टरांसाठी वेगळी, गोपनीय सेवा सुरू झाली. कुणाची चिठ्ठी लागत नाही, स्वतःच जाता येतं. पुढे ती इंग्लंडभर पसरली. यात नवा कायदा नाही, दरवाजा मात्र आहे.

आपल्याकडे काय आहे? महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे. डॉक्टर, नर्स, रुग्णालय यांच्यावर हात टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. कोविडमध्ये एप्रिल २०२० ला केंद्रानंही वटहुकूम काढून साथीच्या कायद्यात अशी तरतूद केली. ही संरक्षणं हवीतच. कॅज्युअल्टीत रात्री तीन वाजता वीस नातेवाइकांच्या गराड्यात उभं राहिलेल्याला ती का हवीत हे सांगावं लागत नाही. पण नातेवाइकाच्या हातून होणारी इजा कायद्याला दिसते, ड्युटीच्या तक्त्यातून होणारी दिसत नाही.

तक्त्यासाठीही एक जुना कागद आहे. १९९२ च्या केंद्रीय निवासी डॉक्टर योजनेत म्हटलंय, की सलग सक्रिय काम सर्वसाधारणपणे दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त नसावं. सरकारी मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाच्या कुठल्याही निवासी डॉक्टरला हे वाक्य वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा. सर्जरीत किंवा गायनॅकमध्ये असेल तर इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी आठला आत गेलेला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या राउंडनंतर हॉस्टेलवर येतो. मधे सकाळच्या राउंडसाठी रिपोर्ट गोळा करायचे, रक्ताच्या बाटल्या आणायला ब्लड बँकेत जायचं, सीटी स्कॅनला रुग्णाची ट्रॉली ढकलायची, आणि यातलं काही राहिलं की सगळ्यांसमोर बोलणी खायची. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं पदव्युत्तर शिक्षणाची नवी नियमावली आणली. तिच्यात कामाचे तास 'वाजवी' असावेत असं आहे. किती, ते नाही. म्हणजे १९९२ मध्ये निदान आकडा तरी होता.

आयोगानं नेमलेल्या कृतिदलाचा २०२४ चा अहवाल मात्र बारकाईनं वाचावा असा आहे. पंचवीस हजारांवर एमबीबीएस विद्यार्थी आणि पाच हजारांवर पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी त्यांच्या ऑनलाइन पाहणीला उत्तरं दिली. एमबीबीएसच्या १६ टक्के आणि पदव्युत्तरच्या ३१ टक्के विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. ज्यांनी स्वतःहून उत्तरं दिली त्यांचेच हे आकडे आहेत, हे धरूनही ते हलके नाहीत. शिफारसीत पुन्हा आकडा आला: आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नको, आठवड्यातून एक सुट्टी, सात-आठ तास झोप. शिफारस आहे, बंधन नाही. आणि ती शिकणाऱ्या डॉक्टरांपुरती आहे. त्याच वॉर्डात तीस-चाळीस खाटांमागे एकटी उभी असलेली परिचारिका, गावात साथीच्या दिवसांत दारोदार फिरलेली आशाताई, रुग्णवाहिकेचा चालक यांच्या मनाचा हिशेब या अहवालात नाही. अमेरिकेचा कायदा अपुरा खरा, पण त्यात नर्सेस पहिल्यापासून आहेत.

आपल्याकडे आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी वेगळा कायदा करावा का? अनुदानाचा असेल तर घाई नको, पैसा कार्यशाळांत विरेल. तीन गोष्टींचा असेल तर जरूर करावा: सलग ड्युटीच्या तासांचा आकडा आणि तो मोडणाऱ्या संस्थेच्या जागा कापण्याचा अधिकार, उपचाराच्या नोंदी वरिष्ठांच्या हाती न पडण्याची हमी, आणि कॉलेजबाहेरचा, परीक्षकांशी संबंध नसलेला समुपदेशक. तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड आहे. आज बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याला कॉलेजच्याच मानसोपचार विभागात पाठवतात. तिथले प्राध्यापक त्याच्या प्रमुखांबरोबर रोज चहा पितात.

कायदा होईपर्यंत हाताशी आहे तेही कमी लोकांना माहीत असतं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सर्वांना लागू आहे, डॉक्टरांनाही. त्याच्या कलम ३ नुसार पूर्वी कधी मानसोपचार घेतले एवढ्यावरून कुणाला आज मानसिक आजारी ठरवता येत नाही. कलम २३ नुसार उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र तणावाखाली होता असं धरलं जातं, त्याच्यावर खटला नाही, उलट त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य. हे वाचणाऱ्यांत कुणी डॉक्टर असेल, नर्स असेल, किंवा घरात तसं कुणी असेल आणि झोप उडाली असेल, कामावर जायच्या कल्पनेनं पोटात गोळा येत असेल, तर कॉलेजात कळेल, हॉस्पिटलात कळेल म्हणून थांबू नका. ओळखीपाळखीच्या बाहेरचा मानसोपचारतज्ज्ञ गाठा, हवा तर दुसऱ्या शहरातला. तेवढाही धीर होत नसेल तर सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं, आणि पैसे पडत नाहीत.